आईच्या मेंदूतल्या गाठी, रेडिओसर्जरी आणि तिची स्मरणशक्ती

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजला का ते तुम्हाला कळेल. आईंचं वय ६१. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झाली, आजार हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. आता मेंदूत पाच गाठी दिसल्या आहेत. सर्वांत मोठी २२ मिलिमीटरची, डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागात. बाकीच्या चार बारीक. डॉक्टरांनी रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या गाठींवरच किरणांचा मारा, सुचवली आहे. घरात मात्र आत्या म्हणतात की एकेक गाठ कशाला, सगळ्या डोक्याला एकदाच शेक (रेडिएशन) देऊन टाका. आणि तुमची खरी भीती याहून वेगळी आहे. आई चाळीस वर्षं ब्लाऊज शिवत आल्या, जुन्या गिऱ्हाइकांची मापं वही न उघडता सांगायच्या. गेल्या महिन्यापासून त्यांना ‘कात्री’ हा शब्द सापडत नाही, ‘ते कापायचं दे’ म्हणतात. रेडिओसर्जरीनंतर हे वाढेल का?

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, आणि बरीच वर्षं मेंदूतल्या गाठींचेच पेशंट जास्त पाहतो. माझं उत्तर असं: रेडिओसर्जरीमुळे स्मरणशक्तीला धोका पोहोचू शकतो. संपूर्ण मेंदूला शेक दिल्यावर जो पोहोचतो त्यापेक्षा तो बराच कमी असतो. आणि गाठी तशाच वाढू दिल्या तर जे होईल, त्याच्या तुलनेत दोन्ही परवडले. मात्र रेडिओसर्जरीचा हा फायदा टिकवायला एक अट पाळावी लागते, ती पुढे सांगतो, कारण नेमकी तीच आपल्याकडे मोडते.

पहिल्यांदा ‘कात्री’बद्दल. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि वस्तूंची नावं शोधण्याचं बरंचसं काम डाव्या टेम्पोरल लोबमध्ये चालतं. तिथे गाठ असेल आणि तिच्याभोवती सूज असेल, तर वस्तू ओळखता येते, वापरता येते, पण नाव ओठांवर येत नाही. म्हणजे आईंचा हा त्रास उपचारांच्या आधीच सुरू झालेला आहे, तो आजाराचा आहे. मी हे आधी सांगतो कारण उपचार झाले की पुढचं प्रत्येक विसरणं मशीनच्या नावावर लिहिलं जातं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूत कर्करोग पसरलेल्या ४०१ रुग्णांच्या चाचण्या उपचार सुरू होण्याआधी घेतल्या होत्या. त्यातल्या ९०.५ टक्के लोकांमध्ये किमान एका चाचणीत उणीव आढळली. तेव्हा अजून एक किरणही डोक्याला लागलेला नव्हता. यातली दिलासा देणारी बाजू अशी की सुजेमुळे अडलेला शब्द डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केल्यावर काही दिवसांत परत येऊ शकतो. आईंना ते सुरू झालं असेल तर ‘कात्री’ परत आली का, ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. किती नुकसान सुजेचं आणि किती गाठीचं, याचा अंदाज त्यावरून येतो.

रेडिओसर्जरीत सुरी नसते, नाव फसवं आहे. स्टॉकहोममधले न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली: अनेक दिशांनी बारीक किरण पाठवायचे, प्रत्येक किरण एकटा दुबळा, पण सगळे जिथे एकत्र मिळतात तिथे डोस प्रचंड. गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटर बाहेर गेलं की डोस झपाट्याने उतरतो. उपचार एका दिवसात होतो, किंवा गाठ मोठी अथवा नाजूक जागी असेल तर तीन ते पाच दिवसांत. गॅमा नाइफ हे रेडिओसर्जरीचं खास मशीनच हवं असा आग्रह धरून लोक शहरं पालथी घालतात. चांगलं लिनॅक (रेडिएशनचं नेहमीचं) मशीन, पातळ कापांचा एमआरआय आणि काम जाणणारी टीम असेल तर लिनॅकवरही हे उत्तम होतं. मशीनच्या नावापेक्षा ती टीम महिन्याला असे किती पेशंट करते, हे विचारा.

संपूर्ण मेंदूच्या शेकात याच्या उलट घडतं. साधारण ३० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस दहा दिवसांत सगळ्या मेंदूला सारखाच मिळतो, गाठ असो वा नसो. मेंदूच्या आतल्या बाजूला, दोन्ही टेम्पोरल लोबमध्ये हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण साठवण्याचं काम त्याचं. सकाळी कोण येऊन गेलं, गोळी घेतली का, हे तिथून जातं. लग्नातली साडी किंवा शाळेतली कविता मेंदूत इतरत्र पक्की झालेली असते. हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी किरणांना फार हळव्या असतात, गाठ मारण्यासाठी लागतो त्याच्या कितीतरी कमी डोसमध्ये त्या मरतात. म्हणून सगळ्या डोक्याचा शेक घेतलेली माणसं जुन्या गोष्टी घडाघडा सांगतात आणि तासापूर्वीचं जेवण विसरतात. घरच्यांना वाटतं, स्मरणशक्ती तर शाबूत आहे! ती तशी नसते.

हे नुसतं अनुभवावरून नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरने एक ते तीन गाठी असलेल्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना फक्त रेडिओसर्जरी, निम्म्यांना रेडिओसर्जरी आणि वर संपूर्ण मेंदूचा शेक. चार महिन्यांनी शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता लक्षणीय घटण्याची शक्यता पहिल्या गटात २४ टक्के निघाली, दुसऱ्यात ५२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की ५८ रुग्णांवरच ती थांबवावी लागली. २०१६ मध्ये २१३ रुग्णांची मोठी चाचणी आली. तिच्यात तीन महिन्यांनी आकलनशक्ती घटलेले रुग्ण फक्त रेडिओसर्जरीच्या गटात ६३.५ टक्के आणि शेक जोडलेल्या गटात ९१.७ टक्के होते. आयुर्मानात शेक जोडून काही फायदा झाला नाही.

६३.५ टक्के वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. हा आकडा घरी नेण्याआधी तो कसा मोजला ते समजून घ्या. शब्द आठवणं, अक्षरावरून शब्द सांगणं, ठिपके क्रमाने जोडणं, छोट्या खुंट्या भोकांत बसवणं अशा कितीतरी चाचण्या घेतात. त्यांतल्या कोणत्याही एकीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घसरण झाली की तो रुग्ण ‘घटला’ असं धरतात. हाताच्या अशक्तपणामुळे खुंट्या बसवायला जास्त वेळ लागला तरी त्याची नोंद त्याच रकान्यात होते. त्यात केमोचा थकवा आला, स्टेरॉइडमुळे उडालेली झोप आली, आजार वाढला तर तेही आलं. म्हणून हा आकडा ‘इतके लोक भ्रमिष्ट झाले’ असा वाचायचा नसतो. दोन गटांतला फरक खरा, कारण बाकी सगळं दोन्हीकडे सारखं होतं.

आता आत्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, आणि मी ते उडवून लावणार नाही. संपूर्ण मेंदूचा शेक घेतला की न दिसणाऱ्या, अजून सुईच्या टोकाएवढ्या गाठीही दबतात. त्याच २०१६ च्या चाचणीत वर्षभर मेंदूतला आजार आटोक्यात राखण्यात शेकाचा गट ८४.९ टक्के यशस्वी झाला, नुसत्या रेडिओसर्जरीचा ५०.५ टक्के. म्हणजे फक्त रेडिओसर्जरी केली तर वर्षाच्या आत मेंदूत जुनी गाठ वाढण्याची किंवा नवी येण्याची शक्यता जवळजवळ पन्नास टक्के. आणि नवी गाठ हीच स्मरणशक्तीची शत्रू. जपानमधल्या एका चाचणीने हे फार चांगलं दाखवलं. एक ते चार गाठींचे १३२ रुग्ण होते. तिथे सुरुवातीला नुसत्या रेडिओसर्जरीच्या गटाचीच घसरण लवकर झाली: सरासरी ७.६ महिन्यांत, तर शेक घेतलेल्यांत १६.५ महिन्यांत. कारण गाठी परत आल्या होत्या. पण तीन वर्षांनी चित्र उलटलं. तोवर न घसरलेले लोक रेडिओसर्जरीच्या गटात ५१.९ टक्के राहिले होते आणि शेकाच्या गटात १४.७ टक्के. शेकाचं नुकसान हळूहळू, उशिरा वर येतं.

आईंच्या बाबतीत हा ‘उशिरा’ शब्द फार महत्त्वाचा. हर-टू पॉझिटिव्ह आजारात मेंदूत गाठी आल्यावरही आता अनेक बायका वर्षानुवर्षं जगतात. टुकाटिनिबसारखी औषधं मेंदूतल्या गाठींवरही काम करतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. जो पेशंट तीन वर्षं जगेल, त्याला तीन वर्षांनी उगवणारं नुकसान आज देणं मला पटत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मलाही योग्य वाटतो.

पाच गाठी म्हणजे जास्त झाल्या का, असंही तुम्ही विचारलंत. २०१४ मध्ये जपानच्याच ११९४ रुग्णांच्या अभ्यासात पाच ते दहा गाठी असलेले लोक आणि दोन ते चार गाठी असलेले लोक रेडिओसर्जरीनंतर सारखेच जगले, दोन्ही गटांत मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या पुढे जगले तो काळ, १०.८ महिने. (हे सर्व प्रकारचे कर्करोग मिळून, तो आकडा आईंना लावू नका.) त्या अभ्यासात गाठींचं एकूण आकारमान १५ मिलिलिटरच्या आत होतं. गाठी किती यापेक्षा सगळ्या मिळून किती जागा व्यापतात, हे मेंदूसाठी जास्त मोलाचं असतं. एक मोठी आणि चार बारीक, यात मला अडचण दिसत नाही.

अडचण आहे ती मोठ्या गाठीच्या जागेची. डावा टेम्पोरल लोब म्हणजे हिप्पोकॅम्पसचं घरच. गाठ त्याला चिकटून आहे की दोन सेंटिमीटर दूर, हे फिल्म बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मी फिल्म बघितलेल्या नाहीत. चिकटून असेल तर रेडिओसर्जरीतही त्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसला डोस लागणारच, ही गोष्ट तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूचा वाचवता येतो, आणि तो वाचला की रोजचं आयुष्य पुष्कळ सावरतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: दोन्ही हिप्पोकॅम्पस प्लॅनवर आखले आहेत का, उजव्याला किती डोस जातोय, आणि मोठ्या गाठीला एकाच दिवशी सगळा डोस देण्याऐवजी तीन किंवा पाच भागांत देणं बरं होईल का. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात.

नंतर काय होतं, ते आता. पहिल्या आठवड्यात थकवा, कधी डोकेदुखी. केस सहसा जात नाहीत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरचे ज्याला ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा दोन गोळ्यांचा असतो. पहिली डेक्सामेथासोन. तिने सूज उतरते, पण झोप उडते, साखर वाढते, माणूस भरकटल्यासारखा बोलतो, मांड्यांतली ताकद जाते. दुसरी फिटसाठी दिलेली लेव्हेटिरासिटाम. ती गरजेची असली तरी काहींना तिने भयंकर चिडचिड होते. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई ताट फेकते, आणि लेक मला फोन करून विचारते की रेडिएशनने आईचा स्वभाव बदलला का. डेक्सा कधी आणि कशी उतरवायची हे लिहून घ्या, आणि स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

माझी एक चूक इथे सांगतो. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त हिशेबनिसांची रेडिओसर्जरी मी केली. तीन महिन्यांनी मुलगा म्हणाला, बाबांना आता साधी बेरीज जमत नाही. उपचारांआधी मी त्यांची कोणतीही चाचणी घेतली नव्हती. ते आधी कुठे होते हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोष आजाराचा, गोळ्यांचा की माझ्या किरणांचा, हे मी त्या मुलाला सांगू शकलो नाही. शेवटी लक्षात आलं की डेक्सा तीन महिने तशीच चालू होती, कुणी उतरवलीच नव्हती. ती उतरवल्यावर बाबा बरेच सावरले. त्या दिवसापासून चाचणी घेतल्याशिवाय मी कुणाचाही मास्क (किरण देताना डोकं स्थिर धरणारा मुखवटा) बनवत नाही.

आईंचीही चाचणी आधी करून घ्या, आणि ती मराठीत करून घ्या. सर्रास घेतली जाणारी ३० गुणांची एमएमएसई ही फार ढोबळ आहे, तीत २८ गुण मिळवणारी व्यक्तीही रोजच्या कामात अडखळत असू शकते. मोका नावाची चाचणी त्यापेक्षा बारीक आहे आणि ती मराठीतही आहे. त्याशिवाय बारा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवायची आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा विचारायची, ही परीक्षा हिप्पोकॅम्पसबद्दल सर्वांत जास्त सांगून जाते. आईंची शाळा किती झाली ते मानसशास्त्रज्ञांना आवर्जून सांगा. कमी शिकलेल्या माणसाला अक्षरावरून शब्द सुचत नाहीत म्हणून त्याचे गुण कापले, तर ती चाचणी शाळेची झाली, मेंदूची नाही. अशा वेळी ‘एका मिनिटात जितक्या भाज्या आठवतील तितक्या सांगा’ हा प्रश्न जास्त न्यायाचा.

आणि घरची चाचणी तर तुमच्या हातात आहे. कटोरी ब्लाऊजचं कटिंग हे मेंदूचं अवघड काम आहे. माप डोक्यात धरायचं, कापड वाचवायचं, तुकड्यांचा क्रम ठरवायचा, शिवणीचं अंतर सोडायचं. आई किती वेळात कापतात, कुठे थांबतात, काय पुन्हा विचारतात, हे आत्ता एका वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. छापील चाचणीइतकाच मी त्या वहीवर विश्वास ठेवीन.

सहा महिने ते दीड वर्ष या काळात आणखी एक गोष्ट घडू शकते, रेडिएशन नेक्रोसिस. मारलेल्या गाठीच्या जागी मेलेल्या पेशींचा गोळा राहतो आणि त्याच्याभोवती पुन्हा सूज येते. एमआरआयवर तो हुबेहूब परत आलेल्या गाठीसारखा दिसतो. डाव्या टेम्पोरलमध्ये झालं तर शब्द पुन्हा अडू लागतील. घाबरून लगेच पुन्हा रेडिएशन घेऊ नका. परफ्युजन एमआरआय (रक्तप्रवाह दाखवणारा) किंवा विशेष पेट स्कॅन करून दोन्हींतला फरक शोधता येतो. नेक्रोसिसवर स्टेरॉइड चालतं, बेव्हासिझुमॅब नावाचं औषध चालतं, क्वचित ऑपरेशन लागतं. हर-टूच्या रुग्णांसाठी यात एक खास सूचना आहे: टी-डीएम-वन हे औषध आणि रेडिओसर्जरी एकत्र आले की नेक्रोसिसचा धोका वाढलेला आढळला आहे. आईंचं ते चालू असेल, तर केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकमेकांशी तारखांबद्दल बोललेत का, याची खात्री तुम्ही स्वतः करा. दोन डॉक्टरांच्या मधली जागा कुणाचीच नसते, तिथे नातेवाइकालाच उभं राहावं लागतं.

संपूर्ण मेंदूचा शेक मी कधीच देत नाही असं समजू नका. गाठी मोजता येणार नाहीत इतक्या असल्या, किंवा मेंदूच्या आवरणात आजार पसरला, तर तो द्यावा लागतो. त्यातही आता दोन आधार आहेत. एक मेमँटिन ही स्मृतिभ्रंशाची गोळी. शेकाबरोबर सुरू करून २४ आठवडे दिली तर घसरण लांबते. दुसरा, शेक देतानाच हिप्पोकॅम्पस वगळणं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना मेमँटिन होतं, आणि हिप्पोकॅम्पस वगळलेल्या गटात आकलन घसरण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. मात्र गाठ हिप्पोकॅम्पसपासून पाच मिलिमीटरच्या आत असेल तर तो वगळता येत नाही. आईंना हा मार्ग कदाचित बंदच आहे, आत्यांना हे सांगा. आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरीला योग्य नसलेल्या रुग्णांना शेक दिल्याने आयुष्य वाढलं नाही, त्याचा दर्जाही सुधारला नाही, हे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ५३८ रुग्णांच्या चाचणीने २०१६ मध्ये दाखवलं. कधी कधी काहीही न देणं हा खरोखर उपचार असतो.

आता ती अट. रेडिओसर्जरीनंतर दर दोन ते तीन महिन्यांनी एमआरआय. पहिलं वर्ष तरी एकही चुकवायचा नाही. नवी गाठ पाच मिलिमीटरची असताना सापडली तर पुन्हा एका दिवसाचं काम असतं आणि आईंना काही कळतही नाही. तीच गाठ तीन सेंटिमीटरची होऊन, फिट येऊन, बेशुद्ध अवस्थेत सापडली, तर आज वाचवलेली स्मरणशक्ती आपण हातानेच घालवली. माझी एक पेशंट ‘आता बरं वाटतंय’ म्हणून अकरा महिने आलीच नाही. गावाहून येण्याचा एक दिवस, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, एमआरआयचा खर्च, मला सगळं समजतं, मी तिला रागावलो नाही. पण आली तेव्हा ती मुलाला ओळखत नव्हती. तुम्हाला दर तीन महिन्यांनी येणं खरंच शक्य नसेल, तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा. लाजू नका. त्या एका उत्तराने उपचारांची निवड बदलू शकते.

सोमवारी मास्कसाठी जाणार आहात म्हणालात. त्याआधी मानसशास्त्रज्ञांची वेळ घ्या, एक तास पुरेल. जाताना आईंचा चष्मा न्या, रात्री झोप झाली नसेल तर चाचणी पुढे ढकला. पहिल्या एमआरआयची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून मागा. आणि मापांची वही आईंच्या हाताशीच राहू द्या, ‘तू आता आराम कर’ म्हणून मशीन झाकून ठेवू नका. उपचारांनंतर दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडं शिवू द्या, आधी सरळ शिलाई, मग बाही, आणि कटिंग त्या स्वतः मागतील तेव्हा.